मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन

गरोदरपणाच्या चाचणीत पट्टीवर दुसरी गुलाबी रेघ उमटते ती एचसीजी नावाच्या हार्मोनमुळे. गर्भ रुजला, की वार तयार करणाऱ्या पेशी ते रक्तात सोडू लागतात. याच हार्मोनची इंजेक्शनं वजन उतरवण्यासाठी गेली सत्तर वर्षं टोचली जाताहेत, आणि या खुळाचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

अल्बर्ट सिमन्स हे ब्रिटिश डॉक्टर १९४९ पर्यंत भारतात होते, मुंबईत प्रॅक्टिस करत होते. लठ्ठ आणि वयात यायला उशीर झालेल्या मुलांना ते एचसीजी देत. या मुलांची भूक कमी होते, मांड्या-कंबर आटोपशीर दिसू लागतात, असं त्यांना वाटलं. पुढे रोमला गेल्यावर त्यांनी इंजेक्शनला आहाराची जोड दिली आणि १९५४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती पद्धत मांडली. रोज एक इंजेक्शन आणि दिवसाला फक्त ५०० कॅलरी! सकाळी नुसता चहा-कॉफी, दूध दिवसभरात एक चमचा. दुपारी १०० ग्रॅम बिनचरबीचं मांस, एक भाजी, एक टोस्ट, एक सफरचंद. रात्री पुन्हा तेच. तेलाचा थेंब नाही. अंगाला क्रीम लावायलासुद्धा बंदी. आपल्याकडे दोन वडापावांतच हा दिवसभराचा कोटा संपतो.

एवढ्यावर कुणीही वाळेल. मग त्यात हार्मोनचा वाटा किती?

हे तपासायची रीत सोपी आहे. आहार सगळ्यांना सारखाच द्यायचा; निम्म्यांना एचसीजी टोचायचं, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळतंय ते कुणालाच सांगायचं नाही. असे प्रयोग बरेच झाले. १९९५ मध्ये डच संशोधकांनी २४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वजन, भूक, चरबीची जागा यांपैकी कशावरही एचसीजीचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही. मिठाचं पाणी घेणारेही तसेच बारीक झाले होते.

बरं, ‘उपयोग नाही तर नाही, अपाय तरी काय?’ असंही म्हणता येत नाही. इतक्या कमी खाण्याने स्नायू झडतात, पित्ताशयात खडे होतात, रक्तातलं पोटॅशियम ढळलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. एचसीजीने रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. वंध्यत्वाच्या उपचारांत हे औषध खरोखर कामाचं आहे, पण तिथे डॉक्टर सोनोग्राफीने बीजकोशावर लक्ष ठेवून असतात. जिभेखाली घ्यायचे थेंब ही तर निव्वळ फसवणूक. एचसीजी हे प्रथिन आहे, गिळलं तर डाळीसारखं पचून जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये असे थेंब विकणाऱ्यांना नोटिसा धाडल्या.

पण म्हणून हार्मोनच्या नावाने येणारं प्रत्येक इंजेक्शन थोतांड ठरत नाही. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणतं, पण काही मिनिटांतच विरून जातं. सेमाग्लुटाइड ही त्याची आठवडाभर टिकणारी नक्कल. तिचीही परीक्षा तशीच झाली: १,९६१ जणांवर, ६८ आठवडे; निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसतं पाणी टोचलेल्यांचं २.४. मळमळ, उलट्या, जुलाब अनेकांना झाले, पित्ताशयाच्या तक्रारी इथेही दिसल्या. औषध घेतलेल्यांपैकी काहींना इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभराने पुन्हा काट्यावर उभं केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं होतं.