शेताखालचं पाणी, दोन टोकांवरून

रावेर-यावलची केळी उभी आहे ती ट्यूबवेलच्या पाण्यावर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या गाळाच्या थरात भूजल. नदीची पातळी मोजता येते, नदीपासून 4 किलोमीटरवरच्या विहिरीचीही. मधल्या शेतांखाली पाणी कुठे असेल? दोन्ही टोकं माहीत, मधलं शोधायचं, अशा गणिताला सीमामूल्य समस्या म्हणतात.

समजा, एका ठरावीक तळापासून मोजलं तर विहिरीत पाणी 40 मीटरवर आहे आणि नदीत 30 वर. उपसा नसता तर मधली पातळी सरळ रेषेत उतरली असती. उपशामुळे ती मधे खाली झुकते. किती झुकेल हे दोन आकडे ठरवतात: पुनर्भरण, म्हणजे जमिनीत मुरून परत येणारं पाणी, वजा जाता दर चौरस मीटरमागे होणारा उपसा आणि थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता. उपसा दिवसाला अर्धा मिलिमीटर आणि क्षमता दिवसाला 500 चौरस मीटर धरू.

आता पट्ट्याचे एकेक किलोमीटरचे चार तुकडे करायचे. मधे तीन बिंदू येतात. पातळीचा उतार जागोजागी कसा बदलतो हे सांगणाऱ्या अवकल समीकरणाचा नियम इथे फार साधा होतो: प्रत्येक बिंदूची पातळी म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी, वजा अर्धा मीटर. सुरुवातीला तिन्ही ठिकाणी अंदाजाने 35 लिहा. विहिरीकडून निघालं आणि प्रत्येक नवा आकडा लगेच पुढच्या बिंदूसाठी वापरला की पहिल्या फेरीत 37, 35.5, 32.25 येतात, दुसऱ्या फेरीत 37.25, 34.25, 31.625. त्यानंतर दर फेरीला चूक निम्मी होत जाते आणि आकडे 36, 33, 31 वर स्थिरावतात. ल्युइस फ्राय रिचर्डसन यांनी 1910 मध्ये धरणाच्या भिंतीतले ताण अशाच पुनःपुन्हा सुधारत नेलेल्या आकडेमोडीने काढले होते, तेही संगणकाशिवाय. मला ही रीत म्हणूनच आवडते. वही-पेन घेऊन कुणीही पडताळून पाहू शकतो.

उपसा दुप्पट केला तर? 34.5, 31, 29.5. नदीजवळचा बिंदू नदीच्याही खाली गेला. म्हणजे आता तापीचं पाणी शेतांकडे ओढलं जाऊ लागलं.

पण उपसा पहिल्यासारखा अर्धा मिलिमीटरच ठेवून थराची क्षमता 500 ऐवजी 250 धरली, तरी हेच आकडे येतात, कारण समीकरणात या दोन राशींचं फक्त गुणोत्तर येतं. टोकांची मापं अचूक असून भागत नाही. एका ट्यूबवेलचा पंप सलग चालवून शेजारच्या विहिरींतली पातळी किती उतरते हे मोजलं, तर क्षमतेचा आकडा मिळतो. वाळू, चिकणमाती, गोटे असा गाळ जागोजागी बदलत असल्याने ही चाचणी एकाच शेतात करून पुरत नाही.