गाडी नुसती टिकटिकते तेव्हा

किल्ली फिरवली की इंजिन हलत नाही, नुसती टिकटिक ऐकू येते, आणि बघणारा लगेच म्हणतो, ‘बॅटरी बसली.’ बऱ्याचदा ते बरोबर निघतं. पण नवी बॅटरी बसवूनही गाडी टिकटिकतच राहते, असंही पुष्कळदा होतं, कारण दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंतच्या, वाटेत असतो. ही वाट घरीही तपासता येते. एक मल्टिमीटर, १० मिलिमीटरचा पाना आणि किल्ली फिरवायला दुसरा माणूस एवढं पुरतं. त्याआधी आवाज नीट ऐकायला हवा.

सेल्फच्या पाठीवर एक लहान नळकांडं असतं. ते सोलेनॉइड. त्याच्या आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि मधोमध लोखंडी दट्ट्या असतो. किल्लीकडून करंट आला की दट्ट्या आत खेचला जातो. त्याला जोडलेला काटा सेल्फची पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांत बसवतो, आणि दट्ट्याच्या दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर जाऊन आपटते. आपल्याला ऐकू येते ती ही आपटी. चकती टेकली की बॅटरीचा सगळा जोर मोटरीत शिरतो. लहान पेट्रोल गाडीत साधारण १०० ते २०० अँपिअर, डिझेलमध्ये त्याहून बराच जास्त, आणि मोटर फिरायला लागण्याआधीच्या क्षणी याच्या दुप्पट-तिप्पटही.

वेटोळी दोन का, हे समजून घेण्यासारखं आहे. एक खेचणारं, दुसरं धरून ठेवणारं. खेचणाऱ्या वेटोळ्याचं एक टोक मोटरीतून अर्थला, म्हणजे इंजिन-बॉडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हला, जातं. चकती टेकताच त्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, त्यातला करंट थांबतो, आणि पुढचं काम धरून ठेवणारं कमी ताकदीचं वेटोळं एकटं करतं. फार सुंदर रचना आहे ही, आणि भराभर टिकटिकीचं मूळही इथंच आहे. उतरलेली बॅटरी दट्ट्या खेचू शकते, पण मोटरीचा भार पडताच तिचं व्होल्टेज कोसळतं, वेटोळ्याची पकड सुटते आणि स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते. भार सुटला की व्होल्टेज सावरतं, दट्ट्या पुन्हा आत जातो. सेकंदाला कित्येकदा हेच. दारावरची विजेची घंटा अशीच वाजते, स्वतःचाच करंट तोडत आणि जोडत.

म्हणून भराभर ‘टकटकटक’ आलं तर भाराखाली व्होल्टेज टिकत नाही, असं समजावं : बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड खराब आहे. एकच जड ‘ठक्’ येऊन शांतता झाली तर दट्ट्या आत गेला, पण मोटर फिरली नाही. आणि डॅशबोर्डच्या किंवा फ्यूजपेटीच्या बाजूनं नाजूक ‘टिक’ आलं तर तो फक्त रिलेचा, म्हणजे सोलेनॉइडला करंट देणाऱ्या छोट्या विजेच्या स्विचचा, आवाज. सोलेनॉइडपर्यंत जाणारी बारीक वायर, तिचं कनेक्टर किंवा सोलेनॉइडचं वेटोळं बघायचं.

पहिली चाचणी फुकट आहे. हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. दिवे विझल्यासारखे मंदावले तर बहुधा बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे तसेच झगझगीत राहिले आणि नुसतं ‘ठक्’ आलं, तर सेल्फ करंट ओढतच नाहीये; सोलेनॉइडची चकती जळालेली, सेल्फचे कार्बन (मोटरीच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेले किंवा इंजिनचा अर्थ तुटलेला.

पण किल्ली न फिरवता नुसते दिवे बघून बॅटरी ठीक आहे असं ठरवू नका. ५५ वॉटचे दोन हेडलाइट मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढून ०.०२ ओहम रोध तयार झाला, तर ९ अँपिअरला तिथं जेमतेम ०.१८ व्होल्ट अडतात आणि दिव्यांत काही फरक दिसत नाही. त्याच जोडातून सेल्फनं १५० अँपिअर मागितले की ३ व्होल्ट तिथंच जातात. शिवाय ०.०२ ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर कळत नाहीत, कारण मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. असा दोष भार देऊनच पकडावा लागतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, त्याशिवाय पुढच्या मोजण्यांना अर्थ नाही. बॅटरीत २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. त्यामुळे चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडला, तर एक सेल मेला असं धरा. ती बॅटरी बदलायचीच.

आता गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात पंखा-पट्ट्यांपासून लांब. दुसऱ्या माणसानं किल्ली फिरवली असताना खुंट्यांवरचं व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. ते टिकतंय, तरी सेल्फ फिरत नाही? मग मीटरचं एक टोक निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. किल्ली फिरवताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थच्या वाटेत दोष आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी अर्थपट्टी गंजली की हे होतं. खात्री करायला एक जम्पर केबल निगेटिव्ह टर्मिनलपासून थेट इंजिनला लावा. गाडी सुरू झाली तर प्रश्न सुटला. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट या बाजूला ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा : ‘ठक्’ होऊनही १२ च्या आसपास व्होल्ट दिसत असतील तर चकती टेकत नाहीये, सोलेनॉइड बदला. हे दोन बोल्ट स्क्रू-ड्रायव्हरनं जोडून बघू नका; शेकडो अँपिअरच्या ठिणगीनं हात भाजतो.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह काढा आणि तो सगळ्यात शेवटी लावा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होणार नाही. क्षारावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका, फेस थांबला की पुसून कोरडं करा. मग खुंटीची बाहेरची आणि क्लॅम्पची आतली बाजू धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा. करडा पातळ थर डोळ्यांना निरुपद्रवी वाटतो, पण खरा रोध त्याचाच असतो. लावल्यावर क्लॅम्प हातानं फिरता कामा नये.

सगळे आकडे चांगले येतात, दिवे खूप मंदावतात आणि तरी ‘ठक्’च होतंय, तर सेल्फ जोर लावतोय आणि काहीतरी त्याला अडवतंय. गाडी पाण्यातून गेली असेल तर पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीचा (इंजिनच्या टोकाला पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा) बोल्ट लांब दांड्याच्या सॉकेटनं, इंजिनच्या नेहमीच्या दिशेनं, दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. फिरला तर इंजिन मोकळं आहे, दोष सेल्फमध्ये; तो उतरवा. वाटेत अडला तर जोर न लावता स्पार्क प्लग, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, काढून मगच पुढे जा.