किती टनाचा एसी? आधी छत बघू

दुकानात आल्यावर पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा, "एक टनाचा घेऊ की दीड?" पुष्कळदा उत्तरही ग्राहकच देऊन टाकतात, "दोनचाच बसवा, कमी पडायला नको." पाहुण्यांच्या पंगतीला हा हिशेब बरोबर आहे. एसीच्या बाबतीत मात्र पैसे जास्त जातात आणि खोलीही धड होत नाही. म्हणून हे पत्रक काढलं आहे. एसी आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, घेण्याआधी वाचा.

टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. बर्फाने गारवा करायच्या काळातलं हे माप आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. आजच्या मापात ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी माप) किंवा ३,५१७ वॅट. त्या हिशेबाने दीड टन ५,२७५ वॅट व्हायला हवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात दीड टन छापलेलं असतं, पण ताऱ्यांच्या (स्टार रेटिंगच्या) ऊर्जा लेबलवर एकाचा आकडा ५,१०० दिसतो तर दुसऱ्याचा ४,७५०. दोन्ही दीड टन म्हणूनच विकले जातात. एखादा एसी फारच स्वस्त वाटला, तर आधी हा आकडा ताडून बघा.

हे वॅट बघून काहीजण घाबरतात. पाच हजार वॅट म्हणजे तासाला पाच युनिट जाणार की काय! तसं नाही. खोलीतून किती उष्णता बाहेर काढली जाते, त्याचा तो आकडा. त्यासाठी लागणारी वीज त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असते, आणि इन्व्हर्टर एसी (ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो) खोली गार झाल्यावर त्याहूनही कमी ओढतो.

तुमच्या डोक्यावर काय आहे?

लांबी-रुंदी सगळेच सांगतात. आम्ही आधी विचारतो, वर मजला आहे की गच्ची?

आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची १० बाय १२ फुटांची बेडरूम घ्या. वर दुसऱ्याचं घर, एक बाजू शेजारच्या भिंतीला लागून. इथे एक टन भरपूर झाला. तेवढीच खोली पाचगाव किंवा फुलेवाडीकडच्या नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर असली, वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला मोठी खिडकी असली, तर एक टन रात्री अकरापर्यंत नुसता धडपडत राहतो. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि सूर्य मावळल्यावर ते खोलीत सोडत बसतं. बाहेर गार वारं सुटलेलं असतं आणि आत पंखा गरम हवा ढवळत असतो, हा अनुभव वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला नवा नाही.

घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा म्हणजे एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला तळहात लावायचा. कोमट लागलं तर अर्धा टन वाढवायची तयारी ठेवा, किंवा आधी गच्चीकडे बघा. वीट-कोब्यावर (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) चांगला पांढरा परावर्तक रंग दिला किंवा शेड घातली, तर स्लॅब तापणं बरंच कमी होतं. यात आमचा धंदा थोडा बुडतो, पण एसी लहान बसतो आणि दर महिन्याचं बिलही उतरतं.

आमचा ठोकताळा असा आहे. वर मजला असेल तर १२० ते १३० चौरस फुटांना एक टन, वर उघडी गच्ची असेल तर ९० ते १०० फुटांना एक टन. छताची उंची दहा फूट धरली आहे. दोनपेक्षा जास्त माणसं बसणार असतील तर दर माणशी ६०० बीटीयू वाढवायचे. हॉलला लागून उघडं किचन असेल तर ४,००० बीटीयू, म्हणजे टनाचा तिसरा हिस्सा, आधीच बाजूला काढायचा. फोडणी आणि एसी एकाच हवेत चालवायचे असतील तर तिथे काटकसर करू नका.

पेठांतल्या जुन्या वाड्यांना हा ठोकताळा लागू पडत नाही. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती आणि वर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, असली की ऊन आत यायलाच वेळ लागतो. तिथे खरी अडचण फटींची. दारं, झरोके, फळ्यांमधल्या खाचा बुजवल्या नाहीत तर दोन टनही अपुरे. वर नुसती कौलं किंवा पत्रा असेल तर आधी फॉल्स सीलिंग करून घ्या, मग आमच्याकडे या.

नागपूरच्या पाहुण्यांचा सल्ला

"आमच्याकडे दोन टनाशिवाय भागतच नाही" असं नागपूरचे, सोलापूरचे नातेवाईक सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५ झालं की तेच मशीन कमी गारवा देतं. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा सहसा ३७-३८ च्या आसपास असतो, म्हणजे आपण त्या चाचणीच्या फार पुढे जात नाही. शिवाय मध्येच वळीव येऊन दोन दिवस सुखाचे करून जातो. आपल्याकडचा दुसरा त्रास आहे दमटपणाचा, वळवानंतरचा आणि पुढे जून-जुलैचा.

मोठा एसी इथेच फसतो. सुरुवातीच्या वर्षांत ग्राहकाच्या आग्रहाला मान देऊन आम्ही १० बाय ११ च्या खोलीत दोन टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी बसवला होता. उन्हाळा झकास गेला. जुलैत काकूंचा फोन आला, "खोली गार आहे हो, पण चादर ओलसर लागते." चूक आमचीच होती. एवढं मोठं मशीन पाच-सात मिनिटांत खोली गार करून कॉम्प्रेसर बंद करायचं. हवेतली वाफ कॉइलवर (आतल्या गार नळ्यांवर) जमून ड्रेन पाइपमधून निघायला सलग काही वेळ मशीन चालावं लागतं. ते मध्येच थांबलं आणि पंखा फिरत राहिला की कॉइलवरचं पाणी परत खोलीतच येतं. इन्व्हर्टर एसी हळू चालू शकतो, त्यामुळे हा दोष कमी होतो, पण जात नाही. त्यालाही खाली उतरायची मर्यादा असते.

अगदी काठावरचा हिशेब आला, समजा सव्वा टन, तर? फक्त रात्री झोपायला वापर असेल तर एक टन घ्या आणि झोपायच्या अर्धा तास आधी लावा. दुपारी वयस्कर माणसं खोलीत असतील किंवा कुणी घरून काम करत असेल, तर दीड.

तारे आणि बिल

लेबलवरचे वर्षाचे युनिट १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. कोल्हापुरात बेडरूमचा एसी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० रात्री, रोज आठ तास चालला, तर होतात ७२० तास. निम्म्याहूनही कमी. एवढ्याच वापराला पाच ताऱ्यांसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातात. तीन ताऱ्यांचा इन्व्हर्टर पुरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवसरात्र चालणार असेल तर पाच तारेच घ्या. महावितरणच्या बिलात महिन्याला ३०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हेही ध्यानात असू द्या. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवर छापलेला कालावधी वाचा. जुन्या मालाचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात.

२०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागतात. एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २४ वर गार न होणारी खोली १८ वर केल्याने होत नाही. तिथे माप चुकलेलं असतं किंवा गॅस कमी झालेला असतो.

एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग हवं. आउटडोअर युनिट बंद डक्टमध्ये कोंबू नका, ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. बोळातल्या घरांत ते गच्चीवर न्यावं लागतं, तेव्हा कॉपर पाइप लांबतो आणि क्षमता थोडी घटते. मापात आम्ही ते धरतो.

मोजायला येण्याचे पैसे घेत नाही. शक्यतो संध्याकाळी सातनंतर येतो, म्हणजे तापलेला स्लॅब हाताला कळतो. गच्चीची किल्ली तेवढी आणून ठेवा.