पुण्यात नो पार्किंगचं चलन चुकीचं आलंय? आधी पैसे भरू नका

सकाळी चहा पिताना मेसेज येतो, नो पार्किंग, दंड ५०० रुपये, आणि गाडी तर दोन दिवस सोसायटीतून हललेली पण नसते. बरेच जण "जाऊदे, कोण भांडत बसणार" म्हणत भरून मोकळे होतात. तिथेच घोळ होतो, कारण दंड भरला म्हणजे तुम्ही प्रकरण मिटवलं, मग तक्रार कशाची करणार? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५००, म्हणजे न केलेल्या चुकीचे ५०० आज भरले की पुढच्या खऱ्या चुकीला १५०० लागू शकतात.

पहिलं काम म्हणजे चलन खरं आहे का ते बघा. मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, आरटीओ चलन नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी फाईल) व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर ती तर अजिबात उघडू नका, खातं साफ होतं. महाट्रॅफिक अ‍ॅप उघडा किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलनची वेबसाईट स्वतः टाईप करून उघडा (पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघायचं), तिथे गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलनं दिसतात.

आता चलनासोबतचा फोटो झूम करून बघा, सगळा खेळ या फोटोवर आहे. नंबर प्लेटवर ३ आहे का ८, गाडीचा रंग तुमचाच आहे का, आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची तुमचंच आहे का (हसू नका, अशाच गोष्टी कामाला येतात). ठिकाण आणि वेळ पण वहीत लिहून ठेवा.

तक्रार कोण करू शकतं? ज्याच्या नावावर आरसी आहे तो. कारणं मात्र ठोस पाहिजेत: नंबर चुकीचा वाचलाय, कोणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरतंय, गाडी चोरीला गेलीये, एकाच वेळी एकाच जागी दोन चलनं पडलीयेत, किंवा तिथे बोर्डच नव्हता. "दोनच मिनिटं थांबलो होतो, औषध घ्यायला गेलो होतो" हे पुण्यात प्रत्येक जण सांगतो, त्यावर चलन रद्द होईल अशी आशा धरू नका.

पेठांमधल्या पी-१ पी-२ पार्किंगची गंमत वेगळीच. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी, पण ३१ नंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम, म्हणजे बाजू बदलतच नाही, आणि सवयीने गाडी पलीकडे लावणारा बरोब्बर सापडतो. तिथे चूक आपलीच, भरून टाका. पण बोर्ड झाडाच्या फांदीमागे लपला असेल तर लगेच फोटो काढा, रस्ता आणि बोर्ड एकाच फ्रेममध्ये यायला हवा.

कागद फार नाहीत. चलन नंबर, आरसी (डिजिलॉकरमधली पण चालते), लायसन्स, गाडीचे पुढून मागून फोटो. गाडी दुसरीकडे होती म्हणत असाल तर सोसायटीचं सीसीटीव्ही, गॅरेजचं बिल, फास्टॅगची नोंद, काहीही. चोरीची असेल तर एफआयआर. गाडी विकलीत आणि नाव बदललं नाही असं असेल तर फॉर्म २९ (गाडी विकल्याचं आरटीओला कळवायचा फॉर्म) ची पोच शोधा, विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि आपण सगळे ते एजंटवर सोडून विसरतो.

मग अ‍ॅपवर किंवा वेबसाईटवर ग्रीव्हन्सचा म्हणजे तक्रारीचा पर्याय आहे, तिथे चलन नंबर टाकून कारण लिहा, फोटो जोडा. चार ओळीत लिहा, निबंध नको. तक्रार नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा. एक लक्षात घ्या, वाकड हिंजवडीकडचं चलन पिंपरी-चिंचवड पोलिसांचं असतं, २०१८ पासून त्यांचं आयुक्तालय वेगळं आहे, त्यामुळे वाहतूक पोलिसांच्या ऑफिसला जायचं ठरवलंत तर चलन कोणाचं ते बघून मगच गाडी काढा.

तक्रार फेटाळली तर कोर्ट. प्रकरण व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाईन कोर्टात गेलं असेल तर तिथे दोन पर्याय दिसतात, दंड भरायचा किंवा केस लढवायची. लढवायची म्हटलं की ती नेहमीच्या कोर्टात जाते, तारीख पडते, सुट्टी काढावी लागते, तेव्हा हिशोब आधीच करा.

बोर्डावरून वाद असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून त्या रस्त्याच्या नो पार्किंग आदेशाची प्रत मागा, साधारण ३० दिवसांत उत्तर येतं, कोर्टात हा कागद वजनदार ठरतो. आणि लोकअदालतीला जायचं म्हणत असाल तर तिथे तडजोड होते, तुम्ही निर्दोष असा निकाल मिळत नाही, त्यामुळे ज्याला चलन रद्दच करून हवंय त्याने त्या रांगेत उभं राहू नये.