पिक्चर बघायला केवढा प्रोसेसर लागतो?

टीव्हीखाली ठेवायचा पहिला कॉम्प्युटर मी जुळवला तेव्हा सगळं उलटं केलं. म्हणजे आधी प्रोसेसर घेतला, आठ कोरवाला, मग त्याच्या जोडीला शोभेल असं ग्राफिक्स कार्ड, मग ६५० वॉटचा एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा, आणि एचडीएमआय केबल दुकानदाराने वर फुकट दिली ती. लॅमिंग्टन रोडवरून टॅक्सीत मांडीवर धरून आणला, एवढा लाडका. रात्री पिक्चर लावला, त्यात एक शांत प्रसंग होता, दोघं नुसती खिडकीशी बसलेली, आणि आई म्हणाली "अरे मिक्सर कोणी चालू ठेवलाय?" मिक्सर नव्हता, ग्राफिक्स कार्डचा पंखा होता.

तेव्हापासून मी घरच्यांना आणि मित्रांना असे तीन-चार डबे जुळवून दिले आणि दर वेळी खर्च कमीच होत गेला, कारण हळूहळू कळलं की पिक्चर दाखवणं हे कॉम्प्युटरसाठी ताकदीचं काम नाहीच. म्हणजे आकडे बघितले तर वाटतं खरं ताकदीचं. फोरके चित्र ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके, एका ठिपक्याला लाल-हिरवा-निळा मिळून २४ बिट धरा, सेकंदाला २४ चित्रं, झाले सेकंदाला ६०० एमबी. अडीच तासांचा पिक्चर पाच टीबीच्या वर जाईल. आणि आपल्याकडची फाइल असते २० जीबीची, फार तर ५० जीबीची. बाकीचं गेलं कुठे?

तर बरंचसं मुळात लागतच नव्हतं. हिरो बोलतोय आणि मागची भिंत हलत नाहीये, मग ती भिंत दर चित्रात पुन्हा कशाला पाठवायची, नुसतं सांगायचं "मागच्या चित्रातला हा तुकडा एवढा डावीकडे सरकव". आणि जे उरतं त्याचे छोटे चौकोन पाडून त्यातल्या हळू बदलणाऱ्या छटा नीट ठेवायच्या आणि बारीक खरखर जिच्याकडे डोळा तसंही लक्ष देत नाही ती ढोबळ करून टाकायची. या दुसऱ्या युक्तीमागचं गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, आणि ते सुचलं बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांना. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, मिळाले नाहीत, तरी काम केलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर पेपर छापला. आज फोनमधला जेपेग फोटो असो की रात्री लावलेली सिरीज, आत त्याच गणिताची लेकरं-नातवंडं आहेत.

आता ही गुंडाळलेली वळकटी परत उलगडायची, याला डिकोडिंग म्हणतात, आणि ते दोन प्रकारे होतं. एक म्हणजे प्रोसेसरने स्वतः करायचं, जसं एखाद्याला हाताने चकली वळायला बसवलं, होईल, पण घाम निघेल. दुसरं म्हणजे सोऱ्या. चिपच्या एका कोपऱ्यात एवढंच काम करणारं सर्किट कोरलेलं असतं, त्याला दुसरं काही येत नाही पण हे एक काम ते इतक्या कमी विजेत करतं की बाकीचा प्रोसेसर जवळजवळ झोपलेला राहतो. माझा आठ कोरवाला अडीच तास झोपूनच असायचा आणि मी त्याचे पैसे मोजले होते.

पण सोऱ्याला चकत्या लागतात. शेवेची वेगळी, चकलीची वेगळी. तशी प्रत्येक व्हिडिओ फॉरमॅटची चकती वेगळी, आणि इथली गोम अशी की ती नंतर विकत घेऊन बसवता येत नाही, चिप बनताना जी आली ती आली. २००३ सालचा एच.२६४ तर सगळीकडे चालतो. २०१३ सालचा एचईव्हीसी, ज्यात बहुतेक फोरके पिक्चर असतात, तिथे बघून घ्यायला लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीत एचईव्हीसीची चकती आहे पण ८ बिटवाली, १० बिटचं पूर्ण काम हार्डवेअरमध्ये सातव्या पिढीपासून. आणि २०१८ सालचा एव्हीवन, तो इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून.

हे ८ बिट १० बिट प्रकरण किरकोळ वाटतं पण नाहीये. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळचं आकाश दाखवताना २५६ पायऱ्या कमी पडतात आणि केशरीपासून जांभळ्यापर्यंत पट्टे दिसायला लागतात, म्हणून एचडीआर पिक्चर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे, १० बिटमध्येच येतात. आपल्याकडे ऑफिसांतून निघालेले छोटे सेकंडहँड डबे स्वस्तात मिळतात, दिसायला झकास, टीव्हीमागे मावतात, आणि त्यात पुष्कळदा सहाव्या पिढीचा प्रोसेसर असतो. मित्राने घेतला असा एक, मला न विचारता. एचडी पिक्चर लोण्यासारखे आणि फोरके एचडीआर लावला की स्लाइड शो. आय-सेव्हन होता, म्हणजे वरच्या दर्जाचा, बिचाऱ्याला कळेना काय चुकलं. चुकलं काही नाही, चकती नव्हती.

आणि नवीन म्हणजे सगळं आहे असंही समजू नका हं. २०२२ साली आलेल्या रेडिऑन आरएक्स ६४०० कार्डात एव्हीवन डिकोडिंग नाहीये, त्याच्याआधीच्या मोठ्या भावंडांत आहे. रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमधून एच.२६४ चं हार्डवेअर काढून टाकलं, पाय ४ मध्ये होतं. म्हणून पिढी, कोर, गिगाहर्ट्झ काही न बघता आधी त्या चिपच्या माहितीपत्रकात डिकोडचा तक्ता शोधायचा. माझा सध्याचा आवडता इंटेलचा एन१००, २०२३ मध्ये आला, चारच छोटे कोर, ६ वॉटचा, गेमवाल्यांनी ढुंकूनही बघू नये असा, पण १० बिट एचईव्हीसी आणि एव्हीवन दोन्ही चकत्या त्याच्याकडे आहेत. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. रॅम ८ जीबी, बास.

बरं, चित्र उलगडलं, आता ते टीव्हीपर्यंत जायला हवं. पाइप म्हणजे एचडीएमआय. त्याच्या १.४ आवृत्तीतून फोरके जातं पण सेकंदाला ३० चित्रंच, ६० साठी २.० पाहिजे ज्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. पुष्कळ जुन्या बोर्डांवर पोर्ट १.४ च असतो आणि खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत फोरके लिहिलेलं, ते खोटं नाही पण अर्धवट आहे. ओळखायची खूण सोपी, माऊसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा चालतो.

आता माझा लाडका विषय, ज्यावरून घरी मला वेडा म्हणतात. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा आणि टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो. ६० ला २४ ने भागा, अडीच. अर्धं चित्र तर दाखवता येत नाही, मग एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, पुन्हा दोनदा, असं लंगडत चालतं, म्हणजे एक चित्र ३३ मिलिसेकंद तर पुढचं ५०. मारामारीत कळत नाही. पण कॅमेरा संथपणे डोंगरावरून फिरतो किंवा शेवटी नावं वर सरकतात तेव्हा बारीक ठेच लागत राहते, आणि एकदा दिसली की मग आयुष्यभर दिसते, त्याबद्दल आधीच माफी. उपाय म्हणजे टीव्हीलाच २४ वर आणायचं. कोडी या पिक्चर लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा रंगवायचा वेग, जुळवायचं सेटिंग आहे, सुरुवातीला बंद असतं, ते चालू करायचं.

त्यातही गंमत अशी की डिस्कवरचे बहुतेक पिक्चर २४ नसून २३.९७६ चे असतात. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून चित्रांचा वेग हजारात साधारण एक एवढा कमी केला, ती कसर अजून आपल्या दिवाणखान्यापर्यंत येते. इंटेलच्या एका जुन्या पिढीला नेमके २३.९७६ जमायचे नाहीत, ती सरळ २४ पाठवायची, परिणाम असा की दर ४१-४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसायचं. लोक घड्याळ लावून बसायचे. मीही बसलोय.

आता मिक्सरकडे येऊ. पंख्याचं गणित मला आधी माहीत असतं तर निम्मे पैसे वाचले असते. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि सारख्या आवाजाचे दोन पंखे शेजारी लावले तर आवाज दुप्पट वाटत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणजे एक पंखा जोरात पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबल कमी, फुकटात. मोठा पंखा त्याहून चांगला, एकाच घडणीचा ६० मिलिमीटरच्या जागी १२० चा घेतला तर तो एका फेऱ्यात कागदावर आठपट हवा ढकलतो, त्यामुळे आरामात फिरला तरी चालतं. चिमुकल्या सुंदर डब्यांत चिमुकले पंखे असतात आणि ते डासासारखे गुणगुणतात, कारण तेवढीच हवा ढकलायला त्यांना जिवाच्या आकांताने फिरावं लागतं.

कोणी म्हणेल आपल्याकडे डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर असतो, कोणाला ऐकू येणार. मे महिन्यात खरंय. पण सीलिंग फॅनचा आवाज पसरट असतो, घूंऽऽ, कान त्याला विसरतो, छोट्या पंख्याची एका सुराची शिट्टी मात्र त्यातूनही वेगळी टोचते. आणि डिसेंबरात फॅन बंद केला की मग काय, तोच हिरो.

आवाजाचं मूळ उष्णतेत आणि उष्णतेचं मूळ विजेत. कॉम्प्युटर जेवढे वॉट खातो त्याची शेवटी खोलीत उष्णताच होते. माझा पहिला डबा काही न करता ७० वॉट खायचा, एन१०० वाला पिक्चर लावलेला असताना १०-१२. दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला ५० युनिट आणि सात ते नऊ युनिट असा फरक. आणि आपण ठेवतो कुठे, तर शोकेसच्या काचेमागे, गणपतीच्या मूर्तीशेजारी. नागपुरात मामाकडे असाच ठेवलेला, बाहेर ४५ अंश, काचेआड किती असेल देव जाणे, दुपारी आपोआप बंद पडायचा आणि मामा म्हणायचे याला पण वामकुक्षी लागते. काच उघडी ठेवायला लावली, मिटलं.

एसएमपीएसचं पण सांगतो. वीज किती कमी वाया जाते याचा जो ८० प्लसचा शिक्का असतो तो साध्या पातळ्यांवर २०, ५० आणि १०० टक्के लोडवर मोजून देतात. ६५० वॉटच्या एसएमपीएसवर १५ वॉट म्हणजे दोन-तीन टक्के, तिथे तो शिक्का काही कबूलच करत नाही. एन१०० चे कितीतरी बोर्ड लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात, तसाच बघा.

साठवणीबद्दल लोक उगाच काळजी करतात. अडीच तासांचा ५० जीबीचा पिक्चर म्हणजे सेकंदाला सरासरी ४५ मेगाबिट, साधी हार्ड डिस्क याच्या दहापट सहज देते, एसएसडी पाहिजे ती मशीन पटकन उठायला आणि शांततेसाठी. हार्ड डिस्क दुसऱ्या खोलीत राउटरजवळ ठेवा आणि वायर ओढा, फक्त वायर आणि पोर्ट गिगाबिटचे हवेत. फोरके ब्लू-रेचा झटका १२८ मेगाबिटपर्यंत जातो आणि १०० मेगाबिटवाला पोर्ट नेमका क्लायमॅक्सला मान टाकतो. भारी टीव्हीच्या मागेसुद्धा पुष्कळदा १०० वालाच पोर्ट असतो, सांगून पटत नाही कुणाला.

आवाजासाठी एकच, ऑप्टिकल केबलच्या प्रेमात पडू नका. तिच्यातून ट्रूएचडीसारखा न कापलेला, अनेक स्पीकरांचा आवाज जात नाही. टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच उलटा बाहेर काढणाऱ्या साध्या एआरसीमधूनही जात नाही, त्याची सुधारित ई-एआरसी पाहिजे, नाहीतर पीसीची एचडीएमआय सरळ स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. नुसतं ओटीटी बघायचं असेल तर हे काही करू नका, एक स्टिक घ्या. बऱ्याच सेवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरला फोरके देत नाहीत, चोरीची भीती, आणि लिनक्स असेल तर आणखी खाली. फोरके ब्लू-रे अधिकृत सॉफ्टवेअरवर चालवायला इंटेलचं एसजीएक्स नावाचं फीचर लागायचं जे अकराव्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकलंय, म्हणजे नवा महागडा प्रोसेसर घेणाऱ्याला डिस्क बघता येत नव्हती आणि जुनावाला मजेत बघायचा. हा डबा त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे स्वतःचं काही आहे. आमच्याकडे ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, कॉम्प्युटरवर घेतलेली, सेकंदाला ५० अर्धी-अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी एकदा सम. स्वस्त मीडिया प्लेयरवर वरमाला फणीच्या दातांसारखी दिसायची. या डब्यावर ती नीट सांधली जाते आणि आजोबा चालताना लंगडत नाहीत.

राहिला रिमोट. पीसीच्या एचडीएमआयवर बहुतेक वेळा सीईसी, म्हणजे एका रिमोटने दुसरं यंत्र चालवायची सोय, नसतं, टीव्हीच्या रिमोटने चालत नाही, म्हणून डोंगलवाला वेगळा रिमोट घेतला. तो दोन फुटांवरूनच चालायचा. बॅटऱ्या बदलल्या, रिमोट बदलला, शिव्या दिल्या. कारण निघालं यूएसबी ३, त्याचा गोंगाट बरोबर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि डोंगल त्याच पट्ट्यात कान लावून बसलेलं. साधी फूटभर एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल यूएसबी २ च्या पोर्टवर पुढे काढलं, आता आई स्वयंपाकघराच्या दारातून पॉज करते.