शाब्दबोध

शाब्दबोध : वाक्य ऐकल्यावर श्रोत्याला होणारे वाक्यार्थाचे ज्ञान. न्याय, मीमांसा व व्याकरण या तिन्ही शास्त्रांनी त्याचा ऊहापोह केला आहे. नैयायिक (न्यायशास्त्रज्ञ) विश्वनाथ पंचानन (साधारणतः १७ वे शतक) याने त्याची प्रक्रिया मोजक्या शब्दांत मांडली : पदांचे ज्ञान हे करण (मुख्य साधन), त्यावरून होणारे पदांच्या अर्थांचे स्मरण हे द्वार (मधला दुवा), पदाच्या शक्तीचे (अर्थ सांगण्याच्या सामर्थ्याचे) ज्ञान सहकारी आणि शाब्दबोध हे फल.

आकांक्षा (पदांना असलेली एकमेकांची अपेक्षा), योग्यता (अर्थांचा मेळ बसणे) व आसत्ती (पदे लागोपाठ उच्चारली जाणे) असल्याशिवाय वाक्य कळत नाही. ‘गाय घोडा माणूस हत्ती’ या पदांना परस्परांची आकांक्षा नाही. ‘विस्तवाने शिंपतो’ यात योग्यता नाही. एक पद आता व दुसरे प्रहराने उच्चारल्यास आसत्ती नाही. वक्त्याच्या तात्पर्याचे (त्याला काय म्हणायचे आहे याचे) ज्ञान हे चौथे कारण मानावे की नाही, यावर मतभेद आहे. तथापि सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही; ‘सैंधव आण’ या आज्ञेने जेवताना मीठ व प्रवासाला निघताना घोडा कळतो, हे तात्पर्य वगळून सांगणे अवघड आहे.

पदांचे अर्थ आधी स्वतंत्रपणे कळतात व मग त्यांचा अन्वय (परस्परसंबंध) होतो, असे कुमारिलाच्या परंपरेतील भाट्ट मीमांसक म्हणतात (अभिहितान्वयवाद). मीमांसक प्रभाकराच्या मते पद मुळातच अन्वित (इतर पदांच्या अर्थांशी जोडलेला) अर्थ सांगते (अन्विताभिधानवाद). दोघांनाही सामान्यतः ७ व्या शतकाच्या आसपास ठेवतात. मूल भाषा कशी शिकते ते पाहावे : वडीलधारा ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय आणतो. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ असे ऐकून मूल पदे वेगळी काढते. भाषा प्रथम अखंड वाक्यांतूनच कानी पडते, एवढ्यापुरता प्रभाकरपक्ष अधिक जवळचा वाटतो. वैयाकरण भर्तृहरी याही पलीकडे जाऊन वाक्य अखंड आणि वाक्यार्थ प्रतिभारूप (एकदम स्फुरणारा) मानतो. चिनी प्रवासी इत्सिंगच्या वृत्तांतावरून त्याचा मृत्यू इ. स. ६५१ च्या सुमारास धरला जाई. परंतु बौद्ध तर्कज्ञ दिङ्‌नागाच्या ग्रंथांत त्याची वचने आढळल्यामुळे आता ५ वे शतक अधिक ग्राह्य मानले जाते.

खरा वाद मुख्य विशेष्यावर, म्हणजे वाक्यार्थात प्रधान कोण यावर, आहे. ‘चैत्र गावाला जातो’ यात नैयायिकांना प्रथमान्त (प्रथमा विभक्तीतील) चैत्र मुख्य वाटतो : गावाकडे जाण्यास अनुकूल अशा प्रयत्नाने युक्त चैत्र. मीमांसकांना आख्याताने (क्रियापदाच्या प्रत्ययाने) सांगितलेली भावना (फल घडवून आणणारी प्रवृत्ती) मुख्य, तर वैयाकरणांना धातूने सांगितलेला व्यापार (क्रिया) मुख्य. वैयाकरणांचे आवडते उदाहरण ‘पश्य मृगो धावति’ (बघ, हरिण धावते आहे) हे होय. येथे दाखवायचे ते हरिणाचे धावणे. नैयायिकांप्रमाणे मृग मुख्य धरला, तर पाहण्याचे कर्म तोच होईल आणि ‘मृगम्’ अशी द्वितीया हवी. ‘तम्’ (त्याला) हे पद अध्याहृत (वाक्यात नसले तरी मनाने जोडून) घेऊन नैयायिक सुटका करून घेतात. पण मग एका वाक्याची दोन वाक्ये होतात. वैयाकरण कौंडभट्टाने (साधारणतः १७ वे शतक) हा आक्षेप मांडला असून तो वजनदार आहे. उलट, क्रियापद नसलेल्या वाक्यांत न्यायमत सोयीचे ठरते. वैयाकरणांना तेथे ‘अस्ति’ (आहे) गृहीत धरावे लागते.

वैशेषिक व दिङ्‌नागपरंपरेतील बौद्ध शब्दाला स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानत नाहीत. शब्दजन्य ज्ञानाचा अंतर्भाव ते अनुमानात करतात.