लिफ्टनंतर गाडी भरकटते: प्ले आहे की अँगल बिघडलाय?

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे पार्ट) बसवून गाडी परत आणताना सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सतत सांभाळावं लागतंय, अशी तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं: "गाडी उंच झाली ना, एवढं होणारच." हे उत्तर निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच ते घातक.

उंची वाढली की सस्पेन्शनचे कोन बदलतात आणि गाडीची चाल बिघडते, ही झाली निम्मी गोष्ट. पण काम घाईत उरकल्यामुळे एखादा जोड ढिला राहिला, तरी गाडी जवळपास तशीच वागते. गॅरेजच्या भाषेत पहिल्याला अँगल बिघडणं म्हणतात, दुसऱ्याला प्ले. अँगलसाठी वेगळे पार्ट लागतात, म्हणजे चूक किट निवडतानाची. प्लेसाठी बहुतेकदा नीट वापरलेला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) पुरतो, म्हणजे चूक बसवणाऱ्याची. भांडायचं कोणाशी आणि खर्च कशावर करायचा, हे त्यावर ठरतं. मी एकदा भरकटणाऱ्या गाडीचं तीनदा अलाइनमेंट करून घेतलं. शेवटी पॅनहार्ड रॉडचा, म्हणजे ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचा, बोल्ट पान्याने चक्क अर्धा फेरा फिरला; तो ढिलाच होता.

आधी अँगल. जिम्नी किंवा रँग्लरसारख्या, पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाडीत हा प्रकार सहज दिसतो. समजा ॲक्सलला घट्ट धरणारा रेडियस आर्म ८०० मिलिमीटर लांब आहे आणि गाडी ५० मिलिमीटर उचलली. आर्म जवळपास साडेतीन अंश खाली फिरतो, आणि त्याच्याबरोबर ॲक्सलही तेवढाच पुढे कलंडतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कल, आणि तोच कल खर्ची पडतो. मूळ कॅस्टर तीन-चार अंशांचा असेल तर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, गाडी हलकी वाटते, रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे जाते. यात कोणाचाही बोल्ट ढिला नसतो.

पॅनहार्ड रॉडचंही तसंच. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. रॉड ८५० मिलिमीटरचा आणि दोन टोकांच्या उंचीत मुळात ८० मिलिमीटरचा फरक असेल, तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टनंतर ॲक्सल चॅसीकडच्या टोकाच्या दिशेने साधारण सहा मिलिमीटर सरकतो. एका बाजूचं चाक जास्त बाहेर दिसतं ते यामुळे. उपाय म्हणून काही जण फक्त पॅनहार्डचं ब्रॅकेट बदलतात आणि ड्रॅग लिंकला, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या रॉडला, हात लावत नाहीत. मग हे दोन रॉड समांतर राहत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्यात चाकं स्वतःहून थोडी वळतात. यालाच बंप स्टिअर म्हणतात. अर्धवट केलेली दुरुस्ती कधीकधी न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, ती अशी.

आता प्ले. यावर जरा थांबायला हवं, कारण इथे बोल्टबद्दलचा एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. बोल्ट म्हणजे खुंटी नव्हे. ब्रॅकेटचे दोन कान बुशच्या (जोडातल्या रबरी गादीच्या) आतल्या लोखंडी नळीवर इतके आवळले गेले पाहिजेत, की त्यांच्यातल्या घर्षणानेच जोड जागेवर राहावा. आवळ कमी पडला की नळी कानांमध्ये घसरू लागते, बोल्ट भोकाच्या कडेवर आपटू लागतो आणि गोल भोक लांबट होतं. एकदा भोक लांबट झालं की नंतर कितीही आवळा, समाधान टिकत नाही. भोक भरून पुन्हा नेमक्या मापाचं करावं लागतं किंवा ब्रॅकेट बदलावं लागतं. म्हणून प्ले लवकर पकडणं हीच खरी बचत.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत हीच कथा यू-बोल्टची, म्हणजे पाटे ॲक्सलला बांधून ठेवणाऱ्या यू आकाराच्या बोल्टची. नव्या पाट्यांची चळत थोडी बसते आणि आवळ उतरतो. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायलाच हवेत. जुनेच यू-बोल्ट परत वापरलेले दिसले तर मी तरी बाकीच्या कामावरही विश्वास ठेवणार नाही. ते एकदा ताणले गेलेले असतात.

मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? अँगल शिस्तीचा असतो. तोच खड्डा, तोच वेग, तीच ओढ, दर वेळी. तो पहिल्या किलोमीटरपासून जाणवतो आणि महिनाभराने तेवढाच असतो. प्ले लहरी असतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, ब्रेक मारल्यावर एक, ॲक्सिलरेटर दिल्यावर दुसरंच. बरोबर बहुतेकदा "टक" असा आवाज, आणि दर आठवड्याला थोडी वाढ.

खात्रीसाठी एक साधी चाचणी आहे. गाडी जमिनीवर, चाकांवर वजन, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं जोरात हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं, हात चिमटणार नाही अशा बेताने. जिथे दोन तुकडे एकत्र न हलता एकामागून एक हलतात, तिथे प्ले. गाडी जॅकवर उचलून ही चाचणी करणारे पाहिलेत. चाकांवर भार नसेल तर जोडावर पुरेसा जोरच येत नाही. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये, स्टँड लावावेत.

घोळ होतो तो मधल्या प्रकारांत. गाडी हवेत असतानाच आर्मचे बोल्ट अखेरचे आवळले, तर रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीतच पकडला जातो. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं. सुरुवातीला गाडी कडक आणि किंचित उंचच बसते, म्हणजे लक्षण अँगलचं. काही महिन्यांत रबर फाटतं, मग लक्षण प्लेचं. चूक मात्र पहिल्या दिवसापासून बसवणाऱ्याचीच. उपाय सोपा: बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी करून हलवायची, मग आवळायचे. दुसरा प्रकार, पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात न बसणं. यू-बोल्ट घट्ट, प्ले शून्य, तरी ॲक्सल तिरका. दोन्ही बाजूंचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर टेपने मोजलं की दोन मिनिटांत कळतं.

वेगात एखाद्या खड्ड्यानंतर सगळं स्टिअरिंग थडथडू लागणं, हे दोघांचं मिळून पाप असू शकतं. पण पहिला संशय प्लेवर घ्यावा: पॅनहार्डचे बोल्ट, टाय रॉडची टोकं, बॉल जॉइंट. जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) लावून थडथड दबते, जोड मात्र आतून झिजत राहतो. चालवताना अशी थडथड सुरू झालीच तर स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरवावा, आणि कारण सापडेपर्यंत ती गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊ नये.

कंपन स्टिअरिंगमध्ये नसून पायाखाली असेल आणि इंजिनच्या फेऱ्यांऐवजी गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसचे, म्हणजे टोकांच्या वाकणाऱ्या जोडांचे, कोन तपासा. एकेरी क्रॉसच्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत. ही अँगलची बाब, पण क्रॉस गेलेला असेल तर प्लेचीही.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी ब्रेकच्या नळ्या: चाकं पूर्ण लोंबकळत सोडून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहायचं, नळी किंवा एबीएसची वायर ताणली जाते का. ताणली जात असेल तर बाकी सगळं थांबवा. मग प्ले काढायचा. अलाइनमेंट त्यानंतरच, कारण ढिल्या जोडांवर मोजलेला कोन पुढच्या चौकापर्यंत बदललेला असतो. अलाइनमेंटच्या कागदावर नुसतं "ओके" नको, कॅस्टरचा आकडा मागा. सलग ॲक्सलवर मशीनवाला फक्त टो (दोन्ही चाकं समोरून किती आत-बाहेर वळलीत ते) लावून देतो. ॲडजस्टेबल आर्म किंवा कॅस्टरचे बुश नसतील तर कॅस्टर त्याच्या हातात नसतो. स्टिअरिंग वाकडं राहिलं असेल तर ड्रॅग लिंकवर सरळ करून घ्या. स्टिअरिंग काढून वेगळ्या दातांवर बसवून ते सरळ "दाखवणं" ही पळवाट आहे, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत त्यामुळे स्टिअरिंग सेन्सरचा गोंधळ होतो.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून घ्या, नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून जाणारी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. आणि हेडलाइट खाली करून घ्यायला विसरू नका, लिफ्टनंतर ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात.